दुर्गच्या वर्मा मॅडम

पहिल्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, पाट्यावर वाटलेला.
शकुनताई हेडाऊंनी चष्मा कपाळावर सारला.
"कोणता पाटा बाप्पा?"
पाटा होता घरात. कुलर डगमगू नये म्हणून
त्याच्या एका पायाखाली.
मसाला दळून येतो डेकाटेंच्या चक्कीतून,
गोळीबार चौकातून आत, तिसरं शटर.
"तेच लिही," म्हणाल्या, "शटरसकट."

मी लिहिलं, पारंपरिक पद्धतीने.
आमच्या धंद्यातला हा फार गुळगुळीत शब्द,
पकडायला जावं तर हातात
नुसता ओलावा राहतो.

भिवापुरी मिरची यंदा महाग झाली,
त्यांनी अर्धी गुंटूरची घातली
आणि फोन करून मला सांगितलं.
"पाकिटावरचं बदल."
कोणाला कळतंय, मी म्हणालो.
"मले कळते ना."
ते बदललं. दोन ओळींचंच काम होतं.

पण ताऱ्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

सीताबर्डीतल्या एका पोट्ट्याकडे दर होता:
चाळीस अभिप्राय, नऊशे रुपये,
मधूनमधून एखादा चार ताऱ्यांचा,
म्हणजे खरं वाटतं.
मजकूर आपला असला तर शंभर कमी.
त्या शंभरासाठी
मी मेट्रोत उभ्याउभ्या
बर्डीहून गड्डीगोदाम येईस्तोवर
एक बाई जन्माला घातली,
तिची आई मारली,
आणि तिच्या तोंडी लिहिलं:
आई गेल्यापासून ही चव हरवली होती, काल सापडली.
सुनंदा वर्मा, दुर्ग.

मे महिन्यातली दुपार.
हिशेबाला गेलो तर धण्यांची परात बाजूला सारून
ताईंनी फळीवरून एक पाकीट काढलं,
बाकीच्यांपेक्षा जरा फुगीर,
वर बॉलपेननं "वर्मा मॅडम".
"तीन महिने झाले, त्यांची ऑर्डर नाई.
तब्येत बरी असंन ना?
दगडफूल मी यात जास्तीचं टाकलं.
तुह्याजवळ पत्ता असंन,
पैसे नको घेऊ."

कुलरची मोटर खर्र करून थांबली,
पुन्हा सुरू झाली.
खोटं बोलायला मला तेवढा वेळ पुरला असता.
बाई वारल्या, असं सांगता आलं असतं.
बदली झाली. नंबर बंद आहे.
तोंडाशी आलेली तिन्ही वाक्यं चांगली होती,
माझी वाक्यं चांगलीच असतात.

"ताई, वर्मा मॅडम नाहीत."
"गेल्या?"
"नव्हत्याच."

मग सगळं सांगितलं. पोट्टा, नऊशे, शंभर कमी.
त्या धणे निवडत राहिल्या.
एक खडा सापडला, तो बोटावर घेऊन
बराच वेळ बघितला.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तिच्या मायसाठी
मी त्या दिवशी जेवली नवती रे,"
एवढंच म्हणाल्या, परातीकडे बघत.

तिथेच, त्यांच्यासमोर बसून
एकेक पुसले चाळीसही.
त्रेपन्नाचे तेरा झाले.
चार पूर्णांक आठचे तीन पूर्णांक नऊ.
दुकान मोबाइलवर एकदम
कंदील विझलेल्या ठेल्यासारखं दिसू लागलं.
मी जाहिरातीत लिहिलं, चक्कीत दळलेला.
त्यांनी शटरची आठवण करून दिली,
तेही लिहिलं.

उरलेल्या तेरांत एक पुण्याचे आहेत,
एक तारा, आणि खाली:
भयंकर तिखट, जीभ दोन दिवस बधिर.
त्यांना मागे ताईंनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं होतं,
हो जी, तिखटच आहे. अर्धा चमचा टाका.

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या,
फुगीर पाकीट हातातच.
नखानं बॉलपेनचं नाव खरवडत होत्या,
निघत नव्हतं.
"अन् ते पुण्याचे," म्हणाल्या,
"ज्याईची जीभ पोळली,
ते तरी हायेत ना?"

आहेत, मी म्हणालो. ते आहेत.